पुढच्या बाई

कुमुदबाई शेंडे पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आल्या तेव्हा पाच-सहा बायकांनी त्यांच्यापुढे तळहात धरले. त्यांत मीही होते. ग्रामसेवकाने आदल्या दिवशी सांगितलं होतं, सांगलीहून एक बाई येणार आहेत, त्या पुढच्या काळाचा अभ्यास करतात. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. बाईंनी माझा हात घेतला, उजेडाकडे वळवून बघितला आणि म्हणाल्या, "ही जखम विळ्याची दिसतेय. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?"

"ते ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "नशिबात काय हाय त्ये सांगा."

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

आमची वस्ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, माळावर आहे. सगळी घरं धनगरांची. पूर्वी आम्ही आठ महिने मेंढरांमागे बाहेर असायचो, आता बहुतेक जण शेती करतात आणि थोडी मेंढरं राखतात. मी मामाकडे राहून चौथी शिकले. त्यामुळे वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, आणि म्हणून बाई पहिल्यापासून माझ्याच अंगणात उतरायच्या. मला त्या "आक्का" म्हणायच्या.

दिसायला बाई काही विशेष नव्हत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि पायांत पोरांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. डावा गुडघा वाकत नसे. जमिनीवर बसताना आधी तो पाय लांब सोडायच्या आणि मग पोतं टाकावं तशा धप्पकन बसायच्या. चहा बिनसाखरेचा लागे. जेवताना कांदा बुक्कीने फोडून खायच्या आणि नंतर तासभर तोंडापुढे हात धरून बोलायच्या. सांगलीत विश्रामबागेतल्या एका संस्थेत त्या नोकरीला होत्या. काम काय, तर लोकांना गोळा करायचं, खाकी कागद जमिनीवर पसरायचे, हातात रंगीत खडू द्यायचे आणि वीस-तीस वर्षांनी इथं काय काय असू शकेल ते लोकांकडूनच काढून घ्यायचं.

कागद एक कधीच नसे. चार असायचे. चार कागदांवर चार वेगळे काळ. कुणी काही सांगितलं की बाई ते लिहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "बरं, मग पुढे?" पोरी शिकल्या. बरं, मग पुढे? शेती करणारा नवरा नको म्हणाल्या. बरं, मग पुढे? पोरं पुण्याला गेली. मग पुढे? माणूस रडकुंडीला यायचा. म्हणून वस्तीने त्यांना पुढच्या बाई म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते कळलं तेव्हा त्या खूश झाल्या.

"होणार" हा शब्द त्यांना खपत नसे. "होऊ शकतं असं म्हणा," सांगायच्या. पाऊस पडंल का, असं कुणी विचारलं तर "मला माहीत नाही". कांद्याला दर मिळंल का, "मला माहीत नाही". माझी जाऊ हौसा एक दिवस म्हणाली, "म्हाईत न्हाई म्हनायचा बी पगार मिळतो व्हय वो बाई? मग माज्या मालकास्नी लावून घ्या की. त्येंला तर कायच म्हाईत न्हाई."

बाई इतक्या हसल्या की चष्मा कागदावर पडला.

आमच्याकडे बिरोबाच्या जत्रेत भाकणूक होते. मायाप्पा तात्यांच्या अंगात येतं आणि ते येणाऱ्या वर्षाचं सांगतात. पाऊस कुठल्या नक्षत्राला, जोंधळा कसा, मेंढरांना रोगराई आहे का. लोक शब्द न शब्द ध्यानात ठेवतात आणि पुढच्या जत्रेत तात्यांना जाब विचारतात. "मघा कोरडी जाईल म्हनलासा, आन् माजी बाजरी व्हावून गेली!" तात्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. भाकणूक एकच असते आणि ती सांगणाऱ्याच्या गळ्यात बांधलेली असते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचा घोटाळा आमच्या या सवयीतूनच झाला.

बाई जत्रेला आल्या, गर्दीत उभ्या राहून सगळी भाकणूक त्यांनी लिहून घेतली. मला वाटलं, शिकलेली बाई, हसेल. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तात्यांच्या घरी गेल्या.

"तात्या, तुम्ही फार वाईट कधी सांगत नाही. असं का?"

"आवं बाई, बुजलेलं मेंढरू सरळ पळत न्हाई. आन् लय ग्वाड सांगितलं तर मानसं हातपाय हलवत न्हाईत."

"आणि चुकलात तर?"

"चुकलो म्हनायचं. दुसरं काय करतायसा?"

परत येताना बाई म्हणाल्या, "आक्का, या माणसात माझ्यापेक्षा जास्त हिंमत आहे. ते एक सांगतात आणि चुकले तर समोर उभे राहतात. मी चार सांगते. चार सांगणाऱ्याला चुकलीस म्हणणं अवघड असतं." स्वतःच्या कामातलं उणं माणूस असं दुसऱ्यापुढे बोलत नाही. बाई बोलायच्या.

त्याच वर्षी गायरानाचा प्रश्न आला. आमचं गायरान म्हणजे वस्तीच्या वरचा उतार. मेंढरं तिथंच चरतात, आणि पाऊस पडला की त्याच उतारावरचं पाणी खालच्या पाझर तलावात येतं. तलावाखाली आमची विहीर. एका कंपनीला ते सगळं गायरान सपाट करून सौर प्लेटा बसवायला हवं होतं; मग तलावात पाणी किती येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. उपसा योजनेच्या कालव्याचं कामही चालू होतं, पण ते पाणी येणार येणार म्हणून आम्ही म्हातारे झालो होतो.

बाईंनी माझ्या अंगणात चार कागद पसरले. एकावर गायरान सगळं दिलं आणि कालव्याला पाणी आलं. दुसऱ्यावर सगळं दिलं आणि पाणी आलं नाही. तिसऱ्यावर खालचं अर्धं दिलं आणि पाणी आलं. चौथ्यावर अर्धं दिलं आणि पाणी आलं नाही. खालचं अर्धं द्यावं आणि वरचं मेंढरांना ठेवावं ही गोष्ट हौसाच्या डोक्यातून निघाली, बाईंच्या नव्हे. आणि दुसऱ्या कागदावर रिकामी विहीर काढली होती ती मी, माझ्या हाताने, काळ्या खडूने.

त्या कामासाठी बाई एकदा दोन माणसं घेऊन आल्या. माने सर माती-पाण्याचे शास्त्रज्ञ. लेले सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. माने सरांनी उभ्याउभ्याच कागदावर बोट ठेवलं.

"कुमुदताई, विहीर आटू शकते हे कशावरून? मोजमाप काय आहे तुमच्याकडे?"

"काही नाही. म्हणून तर तुम्हाला आणलं."

"मग मोजल्याशिवाय लिहू नका. आम्ही असं लिहिलं तर आम्हाला कुणी दारात उभं करणार नाही."

"मोजायला किती दिवस लागतील?"

"तीन पावसाळे तरी."

"ठराव तीन आठवड्यांनी आहे, माने."

मग लेले सर बोलायला लागले. ते कागदाशेजारी मांडी घालून बसले होते आणि आमचं एक कोकरू त्यांची शबनम पिशवी चघळत होतं. "चारही कागदांवर तुम्ही 'चांगलं' आणि 'वाईट' लिहिलंय," ते म्हणाले. "चांगलं कुणाचं? माणसांचं, मेंढरांचं, की जी पोरं अजून जन्मालाच आली नाहीत त्यांचं? ते आधी ठरवा. कुमुद, तुला तीस वर्षं पुढे जायची एवढी घाई असते की हा प्रश्न तू ओलांडून जातेस."

"लेले, तुमचं हे ठरेपर्यंत ती पोरं म्हातारी होतील," माने सर म्हणाले.

दोघांची जी जुंपली ती भाकरी वाढेपर्यंत. चुलीपाशी हौसा मला म्हणाली, "ह्या दोगांच्या बायका घरात कशा ऱ्हात्यात गं?"

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, "येवढं बोलली ती दोगं तुमास्नी. तुमाला राग न्हाई येत?"

"येतो की," बाई म्हणाल्या. "पण माने नसले तर माझं बोलणं नुसती हवा आहे. आणि लेले नसले तर मला चार वाटा दिसतील, पण त्यातली कुठली कशासाठी धरायची ते कळणार नाही. माने मोजतात आणि मोजता येत नाही तिथं थांबतात. लेले प्रश्न विचारतात आणि उत्तराची घाई करत नाहीत. दोघांचंही बरोबर आहे. पण ग्रामसभा कुणासाठी थांबत नाही ना. म्हणून मी दोघांचं ऐकून घेते आणि ज्यांना ठरवायचंय त्यांच्यापुढे मांडते, ठरवायच्या आधी. त्यामुळे माने मला शास्त्रज्ञ म्हणत नाहीत आणि लेले मला तत्त्वज्ञ म्हणत नाहीत."

तेव्हा मी त्यांना माझ्या बापाचं सांगितलं. आम्ही मेंढरं घेऊन साताऱ्याकडे, पार पाटणपर्यंत जायचो. तळ हलवायच्या आधी माझा बाप दिवसभर एकटा पुढे चालून जाई. गवत कुठे आहे, पाणी कुठे आहे, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवता येतील, कुठल्या गावात काठ्या उगारतात, ते बघून येई आणि दोन-तीन वाटा सांगे. कुठली धरायची ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. त्याच्यावर बंधन एकच, बघितलं तेवढंच सांगायचं. आणि ऐकणाऱ्यांवरही एक होतं. त्याने सांगितलेलं बदलून दुसऱ्याला सांगायचं नाही. तसं कुणी केलं तर त्याला तळावर पंगतीत घेत नसत.

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "वीस वर्षं मी लोकांना माझं काम समजावून सांगतेय. इतकं नीट मला कधी सांगता आलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ग्रामसभेत हे चार कागद तुम्ही सांगाल का? मी बाहेरची. मी बोलले तर ते माझं बोलणं होईल. ते तुमचं आहे."

मी हो म्हटलं. आठ दिवस मी ते चार कागद पाठ करत होते. मेंढरांना ऐकवत होते. मला त्याचा तोरा आला होता, हेही लिहायला हवं.

मग दोन गोष्टी झाल्या. ग्रामसभेच्या चार दिवस आधी कालव्याला चाचणीचं पाणी आलं. अख्खी वस्ती बघायला गेली, बायकांनी ओट्या भरल्या. आणि कंपनीच्या माणसाने माझ्या मुलाला, बिरूला, प्लेटांवर देखरेख करायची नोकरी कबूल केली. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी बिरू चुलीपाशी येऊन बसला.

"आये, आज तू कायबी बोलू नगंस."

"का?"

"अर्धं गायरान दिऊन त्येंचं भागत न्हाई. त्ये दुसरं गाव बगत्यात. माजी नोकरी तुज्या तोंडात हाय बग."

बिरू चाळिशीला आला होता. त्याने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. "गप ऱ्हाते," मी म्हणाले. तेवढंच मी कबूल केलं होतं. गप्प राहायचं.

ग्रामसभा देवळाच्या मांडवात होती. बाई मागे, चपला काढतात तिथे, कागदांची गुंडाळी काखेत धरून उभ्या होत्या. सरपंचांनी विषय वाचला आणि विचारलं, कुणाला काय बोलायचंय का. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. हौसा मला कोपराने ढोसत होती.

तेवढ्यात दगडू म्हणून एक जण उठला. "ती बाई म्हनली हुती, कालव्याला पानी येनार न्हाई! आलं का न्हाई पानी? हिची भाकणूक खोटी, तर हिचं बाकीचं कशाला आयकायचं?"

लोक हसले. मायाप्पा तात्या उठले. "आरं गड्या, तिनं चार सांगितलं हुतं. एक न्हाई."

"तात्या, तुमी एकात चुकतासा. हिला चुकायला चार लागत्यात!"

पुन्हा हसणं. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आपण इचारूया की. आक्का, तुमी समद्या बैठकीला हुतासा. तुमच्याच अंगणात झाल्या. बाई म्हनली का न्हाई, पानी येनार न्हाई म्हनून?"

बिरू पहिल्या रांगेत होता. त्याने मान वळवली नाही, पण त्याचा कान माझ्याकडे होता, हे तो पाठमोरा असूनही मला दिसत होतं.

"म्हनली," मी म्हणाले.

मी तेवढंच बोलले. हौसाचं कोपर माझ्या कुशीतून निघालं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. राग दिसला नाही. बैठकीत कुणी अर्धवट बोलून थांबलं की त्या जशा थांबून बघायच्या, याला अजून काही बोलायचं आहे का म्हणून, तशा बघत होत्या. मला अजून काही बोलायचं नव्हतं. मग त्यांनी गुंडाळी सुतळीने बांधायला घेतली. गाठ बसेना. तिसऱ्यांदा बसली. त्या निघून गेल्या. सगळं गायरान द्यायच्या ठरावाला हात वर करा म्हणाले तेव्हा मी हात वर केला.

मला कुणी बोल लावला नाही. उलट दोन-तीन जणांनी घरी येऊन सांगितलं, आक्का खरं बोलल्या. वस्तीत कुणी थाप मारली की पोरं म्हणायला लागली, "पुढच्या बाईवानी बोलू नगंस." आजूबाजूच्या गावांतही ते पसरलं. त्या संस्थेने आमच्या भागातल्या बैठका बंद केल्या आणि बाई साताऱ्याला गेल्या. हौसाने माझ्याकडे चहा पिणं सोडलं, ते दोन वर्षं. बिरूची नोकरी अजून आहे. आमची मेंढरं बरीचशी विकली. उरली ती रस्त्याच्या कडेला चरतात.

विहीर आटली का? नाही. अजून तरी नाही. माने सर दर पावसाळ्यानंतर येऊन दोरी सोडून मोजतात. मागच्या खेपेला मी विचारलं, तर म्हणाले, थोडी खाली गेली आहे, पण कशाने ते इतक्यात सांगता येणार नाही. विहीर आटली नाही म्हणून मी स्वतःला सोडवून बघितलं. जमलं नाही. ती भरून वाहिली असती तरी मी खोटंच बोलले होते.

माझी मुलगी साताऱ्याला दिली आहे. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले तेव्हा पत्ता काढून बाईंकडे गेले. एकट्याच राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी होती. मला बघून त्या दारातच थांबल्या, मग "या" म्हणाल्या. चहा केला. माझ्या कपात साखर घालायचं विसरल्या, मी तसाच प्याले.

"म्या खोटं बोलले," मी म्हणाले.

"हो. मी तिथंच होते की."

"मग तवाच का न्हाई बोललासा?"

"काय बोलणार? आक्का खोटं बोलतात? गावाने तुमचंच ऐकलं असतं, आणि तुम्हाला त्याच खोट्यावर अजून दहा वाक्यं बोलावी लागली असती." त्या कप विसळायला उठल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "आणि मला राग आला होता. फार. अजून आहे."

मला ते बरं वाटलं. माफ केलं म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होते, कोण जाणे.

"तुमास्नी सांगायचं हुतं, म्हनून आले," मी म्हणाले.

"आक्का, जे मला माहीतच आहे ते मला सांगायला तुम्ही सांगली जिल्ह्यातून साताऱ्याला आलात," बाई म्हणाल्या. "ज्यांना माहीत नाही ते तुमच्या दारात आहेत."

मला बसमध्ये बसवून द्यायला त्या स्टँडपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. गाडी लागलेली होती, पण सुटायला वेळ होता. मी खिडकीशी बसले, त्या खाली उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा बसची पाटी वाचून खात्री केली. एका माणसाने त्यांना कराडची गाडी विचारली, ती त्यांनी काठीने दाखवली. बस सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, मीही नाही. वळणावर मागे बघितलं तर त्या अजून फलाटावरच होत्या, चष्मा काढून पदराने पुसत होत्या. डोळ्यांत पाणी आलं म्हणून नव्हे, धूळ बसली म्हणून. तेवढं मला ओळखता येतं.

त्यानंतर आमच्याकडे दोन ग्रामसभा झाल्या. दोन्हींना मी गेले. शेवटी सरपंच विचारतात, आणखी कुणाला काही बोलायचं आहे का. पहिल्या वेळी मी उठेपर्यंत आभार झाले, असं मी घरी येऊन स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी मी गुडघ्यावर हात टेकला, तो सरपंचांना दिसला. ते थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आक्का, काय बोलायचंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "पाय आखडला हुता."